रोटरॅक्टची पोरं तिशीनंतर जातात कुठं?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. आमचा तालुक्याच्या गावचा रोटरी क्लब, यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. मीटिंगला नजर टाकली की बहुतेक डोकी पांढरी आणि निम्मे पास्ट प्रेसिडेंट. इथल्या कॉलेजात रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचाच तरुणांचा क्लब, मात्र जोरात आहे, रक्तदान म्हणा, पुराच्या वेळी किट वाटायचं म्हणा, पोरं रात्री दोनलाही हजर. पण नोकरी लागली, लग्न झालं की गायब. डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे रोटरीच्या आमच्या विभागाच्या) प्रत्येक सेमिनारला एकच, यंग मेंबर आणा, ग्रोथ दाखवा. आणायचे कसे ते कोण सांगत नाही. कुणाच्या क्लबात जमलंय का? फी कमी करून फरक पडतो का?

ईएमआयग्रस्त
फी हा मुद्दा आहेच हो दादा. 2022 पासून इंटरनॅशनलला (रोटरीची जागतिक संघटना) रोटरॅक्टची वर्षाची फी जाते कॉलेजच्या क्लबला माणशी 5 डॉलर आणि बाहेरच्याला 8. रोटरीची त्याच्या कैकपट, वर डिस्ट्रिक्टचे, क्लबचे, जेवणाचे वेगळे. पंचविशीतल्या पोराचे हप्ते चालू असतात, तो कुठून भरणार. पण खरं सांगू का, मी पैशामुळे नाही सोडलं. मीटिंगमुळे सोडलं. आधी स्वागत, मग बुके, मग वाढदिवस आणि ॲनिव्हर्सऱ्या, मग पाहुण्यांची ओळख जी पाहुण्यांच्या भाषणापेक्षा मोठी, आणि सव्वानऊला कामाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं फेलोशिप (म्हणजे जेवण) थंड होतीये, पुढच्या वेळी बघू. 2016 पासून नियम सैल झालेत, महिन्याला किमान दोन मीटिंग घेतल्या तरी चालतं, आणि त्या ऑनलाइनही चालतात. वापरतं कोण?

जुना_रोटेरियन
मीटिंगला नावं ठेवणं सोपं आहे. पोलिओचं काम रोटरीने 1985 ला हातात घेतलं, भारतातली शेवटची केस सापडली जानेवारी 2011 मध्ये, हावड्याला. म्हणजे पंचवीस वर्षं तेच बूथ, तेच डोस, तीच रविवारची सकाळ. ते याच पांढऱ्या डोक्यांनी केलं. आजच्या मुलांना सगळं एका रीलमध्ये पाहिजे. आणि 2020 ला रोटरॅक्टमध्ये तिशीपर्यंतच राहायची अटच काढून टाकली, आता ती तिकडेच राहणार, आमच्याकडे कशाला येतील?

सायबाच्या_देशात
काका, पोलिओबद्दल नमस्कारच आहे. पण अट काढायच्या आधीच रोटरॅक्ट क्लबांना इंटरनॅशनलचे मेंबर म्हणून मान्यता दिली ना, 2019 च्या कौन्सिलमध्ये, म्हणजे रोटरीचे नियम ठरवणाऱ्या सभेत. त्याआधी 1968 पासून, म्हणजे अमेरिकेत शार्लटला पहिला क्लब निघाला तेव्हापासून, ते रोटरीचा 'कार्यक्रम' होते, मेंबर नव्हतेच. 2022 पासून ग्लोबल ग्रँटलाही, म्हणजे रोटरी फाउंडेशनच्या मोठ्या प्रोजेक्टसाठीच्या निधीलाही, रोटरॅक्टला अर्ज करता येतो (आधी एखाद्या रोटरी क्लबबरोबर ग्रँटचं काम केलेलं असेल तर). जगभरचा रोटरीचा आकडा वर्षानुवर्षं 12 लाखांच्या आसपासच घुटमळतोय, अमेरिका आणि इकडे ब्रिटनमध्ये घसरण, आपल्याकडे वाढ, म्हणून बेरीज तेवढीच दिसते. आपल्याकडे अजून वेळ आहे एवढंच. बायकांना घेतलं तर क्लब बुडेल असंही म्हणणारे होतेच की, अमेरिकेत प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 1989 ला जगभर दार उघडलं. बुडाला का?

खडू_फळा
आमच्याकडे काय झालं ते सांगते. एका शाळेत मुलींचं टॉयलेट बांधायचं ठरलं होतं, एस्टिमेट तयार, देणगीदाराच्या नावाची पाटी पण ठरलेली. प्रेसिडेंटने ते काम रोटरॅक्टच्या मुलींना दिलं, बजेटसकट. त्या आधी शाळेत जाऊन पोरींशीच बोलल्या. तर कळलं टॉयलेट आहेच, पण दाराला आतून कडी नाही, वरच्या टाकीत पाणी चढत नाही आणि पॅड टाकायला डबा नाही, म्हणून कुणी जात नाही. मग कड्या बसवल्या, मोटर दुरुस्त केली, झाकणाचे डबे आणले, आणि उरलेल्या पैशात एका मावशींचा वर्षाचा पगार निघाला. पाटीवाले नाराज झाले, झाले तर झाले. त्यातल्या काहीजणी आता रोटरीत आहेत, एक तर ट्रेझरर आहे, आणि चेकवर सही करायच्या आधी बिल मागते म्हणून काहींना त्रास होतो 😄

जुना_रोटेरियन
बिल मागते हे चांगलंच आहे. पण क्लबचे पैसे असे सरसकट पोरांच्या हातात द्यावेत का? ऑडिटला उत्तर कोण देणार?

खडू_फळा
सरसकट कोण म्हणतंय काका. एक प्रोजेक्ट, ठरलेली रक्कम, महिन्याला हिशोब. पोरींनी तो शीटवर टाकला होता, कुणीही केव्हाही बघावा. आपल्या किती प्रोजेक्टचा असा हिशोब दिसतो?

कृष्णाकाठचा
ताई, हे भारी आहे. आमच्याकडे सध्या पोरांना माइक धरायला आणि खुर्च्या मांडायलाच बोलावतात, म्हणजे मीच बोलावतो. 1 जुलैला नवं वर्ष सुरू होतंय, त्याआधी बोर्डात विषय मांडतो, एक प्रोजेक्ट आणि त्याचं बजेट रोटरॅक्टकडे. अजून एक विचारायचं होतं, रोटरॅक्ट न सोडता रोटरीत येता येतं का? दोन मुलं तयार आहेत पण तिकडचा ग्रुप सोडवत नाही त्यांना.

सायबाच्या_देशात
येतं की, दोन्हीकडे एकदम मेंबर राहता येतं, 2016 पासूनच. क्लबाचे बायलॉज एकदा तपासून घ्या, बऱ्याच ठिकाणी जुनीच प्रत फिरतीये. आणि त्या दोघांची पहिल्या वर्षाची फी क्लबाने निम्मी उचलावी असं सुचवून बघा, पास्ट प्रेसिडेंट लोकांच्या बुकेंचा खर्च वाचवला तरी भागेल.