घर एडिसनला, कर आल्बनीला: हे बरोबर आहे का?

लोकलवाला
ऑफिस मॅनहॅटनमध्ये, घर न्यू जर्सीत एडिसनला. आठवड्यातले दोन दिवस ट्रेन, तीन दिवस घरून काम. यंदा न्यूयॉर्कच्या रिटर्नमधला आयटी-२०३-बी हा फॉर्म भरायला बसलो. त्यात कामाचे दिवस मोजून लिहायचे असतात. २४० पैकी ९६ दिवस ऑफिसात, १४४ दिवस आमच्या डायनिंग टेबलावर. म्हणजे न्यूयॉर्कला ४० टक्के पगारावरच कर, असा माझा भाबडा हिशेब. सीपीए (तिकडचा सीए) मित्र कागद बघून हसला. म्हणे, "तू स्वतःच्या सोयीने घरी बसतोस, कंपनीच्या गरजेपोटी नाही. तेव्हा ते १४४ दिवसही न्यूयॉर्कचेच." याला तिकडे कन्व्हीनियन्स रूल म्हणतात. पोरांची शाळा न्यू जर्सीची, घरासमोरचा रस्ता न्यू जर्सीचा, आणि माझ्या डायनिंग टेबलाचा वाटा मात्र न्यूयॉर्कच्या राजधानीला, आल्बनीला! माझं मत साधं आहे. माणूस जिथे बसून काम करतो, कर तिथलाच हवा.

हिशेबनीस
ते सगळं ठीक, पण तुझ्या खिशातून दोनदा काय गेलं ते सांग. न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करात वजावट, न्यू जर्सी देते. आधी आयटी-२०३, म्हणजे न्यूयॉर्कचा रिटर्न, पूर्ण करायचा, तिथला आकडा उचलून एनजे-सीओजे या न्यू जर्सीच्या क्रेडिटच्या फॉर्ममध्ये न्यायचा. उलट्या क्रमाने गेलास तर घोळ होणारच. शेवटी त्या पगारावर दोन्हींतला जो कर जास्त, तेवढाच बसतो. नुकसान ट्रेंटनच्या, म्हणजे न्यू जर्सी सरकारच्या तिजोरीचं आहे, तुझं नाही. शिवाय न्यूयॉर्क शहराचा वेगळा कर बाहेरून येणाऱ्यांना १९९९ पासून नाही, तोही धर हिशेबात. पगार मॅनहॅटनचा हवा आणि कर एडिसनचा, असं कसं चालेल?

लोकलवाला
"जो जास्त तेवढाच" हेच तर दुखणं आहे! माझा न्यूयॉर्कचा आकडा मोठा येतो. वरचा फरक न्यू जर्सी देत नाही, न्यूयॉर्क सोडत नाही.

डॅलसची मावशी
तुम्हाला निदान क्रेडिट तरी मिळतं रे. आमच्या जावयाची नेमणूक कागदोपत्री न्यूयॉर्कच्या ऑफिसात, घर इथे डॅलसला. वर्षातून चार-पाच खेपा होतात तिकडे, बाकी काम घरूनच. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा करच नाही, मग क्रेडिट घ्यायचं कशातून? सगळ्या पगारावर न्यूयॉर्कचा कर निमूट भरतात.

हिशेबनीस
मावशी, तो दुहेरी कर नव्हे, एकेरीच आहे. पण जाच आहे, हे कबूल. कोर्टात जाऊन मात्र काही होत नाही. झेलिन्स्की म्हणून कायद्याचे प्राध्यापक आहेत, राहायला कनेटिकट, शिकवायला न्यूयॉर्क. घरी बसून केलेल्या कामाचे दिवस वगळा म्हणून स्वतः भांडले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नकार दिला. कायदा शिकवणाऱ्याची ही गत!

नदीपलीकडचा
मी पेनसिल्वेनियात राहतो, नोकरी न्यू जर्सीत प्रिन्स्टनला. या दोन राज्यांचा आपसात करार आहे, पगारावर कर फक्त राहत्या राज्याचा. न्यू जर्सीचा कर कापू नका असं सांगणारा एनजे-१६५ हा फॉर्म एचआरला दिला की संपलं. मी नव्या नोकरीत तो द्यायला विसरलो. वर्षभर न्यू जर्सीचा कर कापला गेला, मग तिथे रिटर्न भरून पैसे परत मागावे लागले. चूक माझीच. पण मुद्दा असा की राज्यांनी मनावर घेतलं तर हे एका कागदाचं काम आहे.

खडूस पुणेरी
राज्यं मनावर घेतात, पण कसं? न्यूयॉर्क ऐकत नाही म्हणून न्यू जर्सीने २०२३ मध्ये असाच नियम उलटा न्यूयॉर्कवाल्यांना लावला. वर आपल्या रहिवाशांना आमिष: न्यूयॉर्कशी भांडून जिंका, मग न्यू जर्सीला जो जादा कर द्यावा लागेल त्यातला निम्मा परत. म्हणजे भांडण तुमचं, वकील तुमचा, आणि जिंकल्यावर निम्मं ट्रेंटनला. न्यू हॅम्पशायरने अशाच भांडणात मॅसॅच्युसेट्सला थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात खेचलं होतं. २०२१ मध्ये न्यायालयाने ते ऐकायलाच नकार दिला.

आणि दुहेरी कर दुहेरी कर काय करता? माझ्या कोथरूडच्या फ्लॅटच्या भाड्यावर भारतात कर भरतो. फेडरल रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं. न्यू जर्सी मात्र परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाही, आणि भारत-अमेरिका करारात राज्यांचा कर येतच नाही. एकाच भाड्यावर दोन्हीकडे कर, पैचीही सूट नाही. याला म्हणतात दुहेरी. त्यावर कुणी ओरडत नाही, कारण ओरडण्याआधी भाडं दाखवावं लागतं.

डॅलसची मावशी
शेवटचं वाक्य झोंबलं हो काहींना :)

लोकलवाला
भाड्याचं दुःख वेगळं, त्याने माझं कमी होत नाही. असो. मी एचआरला मेल केली होती, "घरून काम ही कंपनीची गरज आहे असं लिहून द्याल का?" आज उत्तर आलं. पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस ऑफिसात यायचं आहे.

हिशेबनीस
चला, दिवस मोजायची कटकट मिटली.