मदत हवी आहे: डिझायरचा परवडणारा विमा

नमस्कार मंडळी, बाबांच्या डिझायरचा विमा महिनाअखेरीस संपतोय. सलग पाच वर्षं क्लेम नाही, म्हणजे एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) ५० टक्के. तरी डीलरचा कोट ऑनलाइनपेक्षा बराच चढा आहे. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) दर सगळीकडे सारखाच, फरक पडतो तो ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये (जादा कव्हर).

गाडी सायनला रस्त्यावरच उभी असते. जोराच्या पावसात पाणी दरवाज्याच्या कडेपर्यंत चढतं, त्यामुळे इंजिन प्रोटेक्ट सोडणार नाही. इंजिनात पाणी शिरलं तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही. पण इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) परवडतं का? आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) पाडून स्वस्त केलेला कोट नको, गाडी चोरीला गेली तर तेवढेच हातात येणार.

मुंबईत कुणाचा कॅशलेस क्लेम बिनबोभाट झालाय? कंपनी आणि गॅरेज दोन्ही सांगा, प्लीज.