बातमीत 'रचलेलं' पात्र चालतं म्हणणाऱ्यांसाठी

नौपाडेकर: काल दुसऱ्या धाग्यावर एका सदस्यांनी लिहिलं, 'भावना खरी असेल तर बातमीतलं पात्र रचलेलं असलं म्हणून काय बिघडलं?' सोडून देणार होतो, राहवेना. वार्ताहर जॅनेट कुकने १९८० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन पोस्टमध्ये हेरॉइन घेणारा आठ वर्षांचा जिमी रचला. पोलीस शहरभर त्या पोराला शोधत फिरले. सापडतो कसला! १९८१ला पत्रकारितेचं मोठं बक्षीस, पुलित्झर, मिळालं आणि लगेच परतही करावं लागलं. भावना तिथेही खरीच होती हो.

चरईकर: अमेरिकेला कशाला जाता? मागच्या पावसाळ्यात पेपरात आपल्या ठाण्यातल्या वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाण्याचा फोटो. मी गॅलरीत उभा, खाली रस्ता कोरडा. फोटोतली पानटपरी उठून तीन वर्षं झालीत!

पाचपाखाडी_७७: वंदनाला पाणी तुंबत नाही?? दरवर्षी स्कूटर ढकलत नेतो मी. फोटोची साल कसली काढताय, नालेसफाईचं विचारा.

चरईकर: *त्या दिवशी* तुंबलं नव्हतं. मराठीतच लिहिलंय.

पाचपाखाडी_७७: वरच्या मजल्यावरून सगळंच कोरडं दिसतं.

माजी_वार्ताहर: भांडून झालं असेल तर बोलू? नवी मुंबईत चौदा वर्षं बातम्या दिल्या. मानधन छापून आलेल्या कॉलमच्या हिशेबाने, तेही मिळालं तर. वर साहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणायच्या. एकदा ट्रान्सहार्बरची लोकल रखडली. रात्री साडेनऊला डेस्कचा फोन, 'संतप्त प्रवाशाच्या दोन ओळी दे.' मी तुर्भ्याला ताटावर बसलेला. ओळी माझ्या, नाव साडूचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात पेपर फिरला. पठ्ठ्या तापाची रजा टाकून घरी होता! सहा महिने बोलला नाही माझ्याशी. ज्यांना पंख्याखाली बसून नीतिमत्ता सुचते त्यांनी महिनाभर असं जगून बघावं.

नौपाडेकर: म्हणजे पैसे कमी म्हणून थाप माफ? मग जर्मनीतल्या डेर श्पीगल साप्ताहिकाच्या वार्ताहर रेलोटियसला काय कमी होतं? बक्षिसांवर बक्षिसं घेत होता. २०१८ साली तिथल्याच हुआन मोरेनोने पदरचे पैसे घालून त्याच्या बातम्यांतलं खोटं उघडं पाडलं. आणि तिथल्या वरिष्ठांनी आधी संशय घेतला तो मोरेनोवरच.

माजी_वार्ताहर: मोरेनो तिथे पगारी नोकर नव्हता, करारावर होता. म्हणजे पकडणारा आमच्याच पंगतीतला. आभारी आहे, माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

नौपाडेकर: बरं, तेवढं मान्य. साडूच्या नावाचं नाही.

माजी_वार्ताहर: ते साडूलाही मान्य नव्हतं. तेव्हापासून नाव-फोन घेतल्याशिवाय एक ओळ दिली नाही. त्यापायी दोन बातम्या गेल्या, त्याचं मानधन तुम्ही देणार?

पाचपाखाडी_७७: आणि वंदनाचं काय ठरलं?

चरईकर: पुढच्या पावसात गॅलरीतून तारखेसकट फोटो टाकतो. तुंबलं तरी टाकतो, झालं समाधान?