४×५ घेऊन डोंगरात: पहिल्या तीन लेन्स कोणत्या घ्याव्यात?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मीडियम फॉरमॅटवर निसर्गचित्रण करतोय, आता ४×५ मध्ये (४×५ इंची सुट्या फिल्मच्या लार्ज फॉरमॅटमध्ये) शिरायचं नक्की केलं आहे. कॅमेरा ठरल्यात जमा आहे: घडीचा लाकडी फील्ड कॅमेरा, बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला भाता) जास्तीत जास्त ३०० मिमी ताणतो. गाडं अडलंय लेन्सपाशी. मनातली यादी ९०, १५० आणि ३०० मिमी अशी आहे. विषय डोंगर, ओढे, झाडं, खडक. दोन-तीन तास चढून जायचं आणि सगळं ओझं स्वतःच्याच पाठीवर. यादी बरोबर आहे का? आणि लेन्सशिवाय आणखी कशावर खर्च करावा लागतो, तेही सांगा. सगळं सेकंडहॅंडच घेणार आहे.

मंद_शटर
स्वागत आहे. १५० घ्या आणि बाकी सगळं विसरा. निदान काही महिने तरी.

दगडधोंडे
मंद_शटर यांच्याशी अर्धा सहमत. एकच लेन्स घ्या हे खरं, पण १५० च का? ती नॉर्मल (ना रुंद, ना लांब) आहे म्हणून सगळे सांगतात. मला बाहेर १३५ जास्त कामी येते. ओढ्याच्या काठाने मागे सरकायला जागा नसते तेव्हा तो थोडासा रुंदपणा वाचवतो. पुढची पायरी २१० किंवा २४०. आणि ९० बद्दल स्पष्टच बोलतो: उघड्यावर तिने काढलेल्या चित्रांत निम्मं रिकामं आकाश आणि मागे मुंगीएवढा डोंगर असतो. जंगलात, घळीत, खडकांच्या अगदी जवळ ती उत्तम. पहिल्या तिघींत तिला जागा नको.

उलटं_चित्र
पाऊलवाट, यादीतली खरी अडचण ९० नाही, ३०० आहे. तुमचा बेलोज ३०० ताणतो म्हणजे साध्या रचनेची ३०० मिमी लेन्स तुम्हाला जेमतेम अनंतावर फोकस होईल, बस्स. दहा मीटरवरच्या झाडासाठी ३०९ मिमी ताण लागतो, तीन मीटरवरच्या खडकासाठी ३३३. म्हणजे समोर दगड आणि मागे सुळका असं चित्र विसरा. शिवाय बेलोज पूर्ण ताणलेला लाकडी कॅमेरा पुढच्या टोकाला डुगडुगतो.

२४० घेतलीत तर तोच कॅमेरा सव्वा मीटरपर्यंत जवळ फोकस करेल. फुजिनॉन ए २४० एफ/९ पाहा. कोपाल ० (लहान मापाचं) शटर, पाव किलोच्या आसपास वजन, ५२ मिमीचा फिल्टर आणि ३३६ मिमीचं इमेज सर्कल (लेन्स पाडते त्या गोल चित्राचा व्यास). ४×५ ला गरज साधारण १५३ ची असते, तेव्हा ही लेन्स कुठेही वाकवा, कोपरा काळा होत नाही. अजून छोटी हवी तर निक्कोर एम २०० एफ/८. तीही कोपाल ० मध्ये, ५२ च्याच फिल्टरची, पण सर्कल २१० पर्यंतच.

३०० चा हट्टच असेल तर टेलिफोटो रचनेच्या लेन्स मिळतात. त्यांना आपल्या फोकल लांबीपेक्षा बराच कमी ताण पुरतो. पण त्या जड असतात, सर्कल लहान असतं, आणि टिल्ट करताना (लेन्स पुढेमागे कलवताना) चित्र मागच्या ग्राउंड ग्लासवरून (फोकसच्या दुधी काचेवरून) इतकं पळतं की पुन्हा पुन्हा जुळवत बसावं लागतं. वारा सुटला असताना हा उद्योग नको वाटतो.

आता कव्हरेज, म्हणजे सर्कल किती पुरतं ते. इमारतींसाठी लागतो तेवढा राइज (लेन्स वर सरकवणं) निसर्गात लागत नाही, पण टिल्ट रोज लागतो. लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंतची जमीन शार्प हवी आहे, असं धरा. १५० मिमीला साधारण ६ अंश टिल्ट लागतो, ९० ला साडेतीन, २४० ला नऊ. हिशोब सोपा आहे: फोकल लांबीला लेन्सच्या उंचीने भागा, येईल तो त्या कोनाचा साइन. (शाइमफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने १९०४ मध्ये पेटंट घेतलं ते विमानातून घेतलेल्या फोटोंचा तिरकेपणा काढायला. लेन्स कलवली की फोकसचं प्रतलही कलतं, हा त्याचा नियम आपण गवतावर वापरतो.) ६ अंशात १५० चं सर्कल सुमारे १५ मिमी सरकतं. निक्कोर डब्ल्यू किंवा सिम्मार-एस १५० चं सर्कल २१० आहे, सिरोनार-एस चं २३१, म्हणजे काळजी नाही. जुनी छोटी अँग्युलॉन ९० एफ/६.८ मात्र ४×५ जेमतेम झाकते. खिशात मावते म्हणून मोह होतो, पण टिल्ट केलात की कोपरे गेले. ९० घ्यायचीच तर सुपर-अँग्युलॉन एफ/८ (सर्कल २१६) किंवा निक्कोर एसडब्ल्यू एफ/८ (२३५). दोन्हींना ६७ मिमीचा फिल्टर बसतो. एफ/४.५ ची निक्कोर ९० घेऊ नका, तिला ८२ चा फिल्टर लागतो आणि चढावर तिचं वजन जाणवतं.

पाऊलवाट
बापरे, एवढा विचार केलाच नव्हता. ३०० बाद. पण २४० एफ/९ ची? ग्राउंड ग्लासवर काही दिसेल का? आणि ६७ चा एक फिल्टर सगळ्यांना चालेल ना?

मंद_शटर
दिसेल. एफ/५.६ पेक्षा एफ/९ ला साधारण सव्वा स्टॉप अंधार (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). उन्हात काहीच वाटत नाही, दाट झाडीत वाटतं. मुख्य गोष्ट म्हणजे काळं कापड खरोखर प्रकाश अडवणारं हवं, बाहेरून पांढरं, आणि कडांना वजन शिवलेलं. कापडाखाली शिरून अर्धा मिनिट नुसतं थांबा, डोळे सरावले की निम्म्या तक्रारी मिटतात. लूप (काचेवर फोकस तपासायचं भिंग) चार ते सहा पटीचा घ्या. त्याहून मोठा घेतला तर काचेचा दाणाच दिसत बसतो.

फिल्टरचं उत्तर हो. १५० निक्कोर डब्ल्यू आणि २४० दोन्ही ५२ च्या. ५२ ते ६७ ची एकेक स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी) दोघींवर कायमची ठेवून द्या, उद्या ९० आली तरी तोच संच चालेल. कृष्णधवल करणार असाल तर पिवळा, नारिंगी आणि लाल, बस्स.

घडीचा_तंबू
लेन्सवर एवढी चर्चा आणि ट्रायपॉडचं नाव कोणी काढत नाही, म्हणून लिहितोय. सगळा कॅमेरा म्हणजे वाऱ्यात उभारलेलं शीड आहे. चांगली लेन्स अर्ध्या सेकंदाला हललेल्या तिकाटण्यावर वाया जाते. मधला खांब नसलेला ट्रायपॉड घ्या, किंवा असेल तर तो वर काढू नका. लाकडी ट्रायपॉड कंप छान शोषतो, पण चढायला कार्बन फायबर बरा. हेड बॉलचं नको, तीन दिशांना वेगवेगळं फिरणारं हवं, नाहीतर क्षितिज सरळ करताना बाकी सगळं निसटतं. वारा असेल तर बेलोज कमीत कमी ताणलेला राहील अशी लेन्स लावा. २४० ऐवजी १५० लावून नंतर क्रॉप केलेलं परवडतं, ४×५ च्या निगेटिव्हला ते झेपतं.

दगडधोंडे
घडीचा_तंबू +१. छत्रीसुद्धा. पावसासाठी नाही, वारा अडवायला आणि लेन्सवर येणारं ऊन झाकायला.

पाऊलवाट
अपर्चरबद्दलही विचारायचं आहे. मी एफ/११ च्या जगातून येतोय. इथे सगळे एफ/३२, एफ/४५ म्हणतात. डिफ्रॅक्शनचं (छिद्र फार लहान केलं की येणाऱ्या मऊपणाचं) काय?

उलटं_चित्र
या लेन्स साधारण एफ/२२ ला सर्वोत्तम असतात. कव्हरेजचे आकडेही बहुधा तिथलेच दिलेले असतात. एफ/३२ बिनधास्त वापरा, एफ/४५ ला मोठ्या प्रिंटमध्ये थोडा मऊपणा दिसू लागतो. १९३२ च्या एफ/६४ या अमेरिकी छायाचित्रकारांच्या गटाचा दाखला इथे हमखास दिला जातो, पण त्या मंडळींपैकी अनेक जण ८×१० च्या निगेटिव्हचे कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचे. चित्र मोठं करायचंच नसेल तर डिफ्रॅक्शनला विचारतो कोण.

अंदाजाने अपर्चर ठरवू नका. सर्वांत जवळच्या बिंदूवर फोकस करा, कॅमेऱ्याच्या रेलवर (लेन्सचा भाग सरकतो त्या पट्टीवर) खूण पाहा, मग सर्वांत लांबच्या बिंदूवर करा. दोन खुणांमधलं अंतर मोजा. २ मिमी आलं तर एफ/२२ आणि ३२ च्या मधे, ३ ला एफ/३२, ५ ला एफ/४५. मग फोकस दोन खुणांच्या बरोबर मधोमध आणा. रेलवर मिलिमीटरची पट्टी नसेल तर कागदी पट्टी चिकटवा. अंतर ५ च्या वर जात असेल तर टिल्ट बदलून पाहा किंवा चित्र बदला.

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह
एक्स्पोजरचं मी सांगतो, कारण नवीन माणूस तिथेच फिल्म फुकट घालवतो.

स्पॉट मीटर (दृश्यातल्या छोट्या भागाचा प्रकाश मोजणारा) घ्या. त्यावर खर्च करा, चौथ्या लेन्सवर नको. मग दोन सुधारणा लक्षात ठेवा. पहिली बेलोजची: ताण भागिले फोकल लांबी, त्याचा वर्ग. १५० ची लेन्स २१० मिमी ताणली असेल तर जवळजवळ दोन पट, म्हणजे एक स्टॉप. दूरच्या डोंगराला हे लागत नाही, शेवाळ आणि पानांच्या क्लोज-अपला लागतं. दुसरी रेसिप्रॉसिटीची (लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते तिची), आणि एफ/३२ वर संध्याकाळी ती लागणारच. एक सेकंदाच्या वर गेलात की इल्फर्डच्या फिल्मला मोजलेल्या सेकंदांना घातांक लावायचा: एचपी५ ला १.३१, एफपी४ ला १.२६. मीटर १० सेकंद म्हणत असेल तर एफपी४ ला १८ द्या, एचपी५ ला २०. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

होल्डरचं (फिल्म ठेवायच्या चपट्या चौकटीचं) विसरू नका. एका होल्डरमध्ये दोन शीट. सहा होल्डर म्हणजे बारा फोटो, एका दिवसाला भरपूर. डार्क स्लाइडची (होल्डरच्या सरकत्या झाकणाची) पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाजू बाहेर म्हणजे वापरलेली. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. घरातून निघायच्या आधी प्रत्येक होल्डर ब्लोअरने साफ करून झिपच्या पिशवीत ठेवा. धूळ ही लेन्सपेक्षा मोठी डोकेदुखी आहे, आणि प्रत्येक ठिपका नंतर हाताने दुरुस्त करावा लागतो.

मंद_शटर
सेकंडहॅंड म्हणालात म्हणून शेवटचं. कोपालने यांत्रिक शटर बनवणं थांबवलंय, तेव्हा काच जितकी पाहाल तितकंच शटर पाहा. विकणाऱ्याला १ सेकंद, १/२, १/४ असे मंद वेग चालवून व्हिडिओ पाठवायला सांगा, आवाजासकट. मंद वेगावर घरघर अडखळली तर शटरला सर्व्हिसिंग हवी, आणि बाहेर तुम्ही तेच वेग वापरणार. १/५०० अचूक नसेल तर सोडून द्या, ४×५ वर तो कोणाला लागतो.

काचेत बुरशीच्या रेषा किंवा कडेने इंद्रधनुषी डाग दिसला (थरांचा गोंद सुटलाय) तर नको. श्नायडरच्या लेन्समध्ये आतल्या काळ्या रंगावर पांढरे ठिपके दिसतात, ते बहुधा निरुपद्रवी असतात आणि त्यामुळे किंमत उतरते. फुजिनॉनचं नाव पुढच्या काचेभोवती आतल्या कडेवर असेल तर बहुतेक जुनी, सिंगल कोटिंगची. कोरलेलं बाहेरच्या कडेवर असेल तर नवीन. जुनी वाईट नाही, फक्त सूर्य समोर असताना जपून.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. ठरलं: आधी एकटी १५०, ५२-६७ रिंगसह. वाचलेले पैसे ट्रायपॉड, स्पॉट मीटर आणि सहा होल्डरवर. पुढची २४०. ९० चं दगडधोंडे यांच्याशी भांडण करून मग बघू. फक्त एक: लेन्सबोर्ड (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची पाटी) कोणता मागवू?

घडीचा_तंबू
कॅमेरा लिनहॉफ टेक्निका पद्धतीचा बोर्ड घेतो का, तेवढं आधी विचारा. बहुतेक घडीचे फील्ड कॅमेरे घेतात, पण सगळे नाही. भोक कोपाल ० चं मागवा, म्हणजे ३४.६ मिमी. १५० आणि २४० दोन्ही ० मध्येच आहेत, दोन बोर्ड एकदमच मागवून टाका.

दगडधोंडे
आणि भांडणाला मी तयार आहे.