खांबांवरची चित्रं आदिवासींची, आराखडा कोणाचा?

महालवासी
नागपुरात आमच्या वस्तीजवळच्या उड्डाणपुलाचे खांब नुकतेच रंगवले. सगळीकडे वारली. ही चित्रं पालघर-डहाणूकडची; आणि नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास. ज्यांचं शहर त्यांची साधी ओळखही कोणी विचारत नाही, कुठलंही आदिवासी चित्र चालतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: सार्वजनिक इमारतीत आदिवासी ओळख हवी असेल तर गोंड माणूस पहिल्या नकाशापासून हवा, रंग द्यायच्या वेळी नको. वॉशिंग्टनमधलं अमेरिकन इंडियन संग्रहालय २००४ मध्ये उघडलं. त्याची मूळ कल्पना डग्लस कार्डिनल या आदिवासी वंशाच्या वास्तुरचनाकाराची. तिथलं मुख्य दार पूर्वेला आहे, उगवतीकडे. असा निर्णय रंगाच्या डब्यातून येत नाही.

धंतोलीकर
वीस वर्षं वास्तुरचनेच्या व्यवसायात आहे, म्हणून लिहितो. जन्म पाहून वास्तुरचनाकार निवडायचा का? पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर तिथल्या मूळ रहिवासी कनाक लोकांचं त्जिबाऊ सांस्कृतिक केंद्र १९९८ मध्ये झालं, ते रेंझो पियानो या इटालियन माणसाने केलं. कनाक घरांच्या आकारावरून दहा लाकडी रचना, सगळ्यात उंच २८ मीटर. बाहेरचाच माणूस, पण समजून घेऊन केलं. आणि आपल्याकडच्या गावांत जाऊन पाहा भाऊ, लोक स्वतःच स्लॅब मागून राहिले. कुडाची भिंत दरवर्षी लिंपायची कोणी?

कुरखेड्याची लेक
मी गोंड आहे. स्लॅब आम्हीच मागतो, हे खरं. पावसाळ्यात रात्रभर भांडी मांडून बसलेल्या माणसाला मातीच्या घराचं कौतुक सांगू नये. पण आमच्या आजीचं काय झालं ते ऐका. घरकुल मंजूर झालं, २५ चौरस मीटर. गवंड्याला जो नकाशा पाठ होता तोच त्याने उभा केला. सपरी म्हणजे ओसरी नाही, धान्याच्या कोठीला जागा नाही, पेनला, म्हणजे आमच्या देवाला, कोपरा नाही. आजी आता झोपायला घरकुलात जाते आणि सणाला पडक्या घरात, कारण देव तिथेच राहिले. तिला एकदा, फक्त एकदा विचारलं असतं तर त्याच पैशात सपरी निघाली असती. आणि मी स्वतः पाच वर्षं बी.आर्क. (वास्तुरचनेची पदवी) केलं, त्यात गोंड घराचं एकही मोजमाप काढायला मिळालं नाही. मग समजून घेणारा बाहेरचा माणूस तरी कुठून तयार होणार?

धंतोलीकर
घराच्या बाबतीत तुमचं पटलं, आजीचं वाचून वाईट वाटलं. पण शहरातली इमारत सगळ्यांची असते. 'समाज' म्हणजे नेमकं कोण? एका टेबलावर दहा पुढारी बसवले तर दहा नकाशे होतील, आणि स्लॅब गळला की जबाबदार मीच. सही माझी असते.

महालवासी
न विचारल्यावर काय होतं ते नागपूरने पाहिलंय की. दीक्षाभूमीच्या भूमिगत पार्किंगला विरोध करत १ जुलै २०२४ ला लोक थेट कामावर धडकले, काम थांबवावं लागलं. तोवर खड्डा खणून झाला होता. आधी ऐकलं असतं तर वेळ वाचला असता आणि पैसाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या भुयारी रेल्वेत तिथल्या मूळ रहिवासी माओरी गटांचा मंच रचनेच्या टप्प्यापासून सोबत होता. रेल्वे काही अडली नाही.

धंतोलीकर
सोबत असणं वेगळं, नेतृत्व देणं वेगळं. सल्ला मी घेईन. अंतिम रेघ मात्र ज्याला बांधकाम कळतं त्याचीच.

कुरखेड्याची लेक
मला दोन्ही कळतं सर. आमच्यासारख्या मुली आता शिकून बाहेर पडून राहिल्या, त्यांना मदतनीस म्हणून नाही, प्रमुख म्हणून एक काम देऊन पाहा. दिवाळीला गावी जाते आहे. आजीच्या जुन्या घराची मापं घेऊन इथेच टाकते, २५ चौरस मीटरचा माझा नकाशाही टाकते. चुका असतील तर बांधकामाच्या काढा. पेनची जागा आजी सांगेल.