दोन प्रोसेसर बसवलेत, सर्व्हर ३२ दाखवतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीला एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात बिलिंग आणि स्टॉक बघतो, कॉम्प्युटरचं कामही माझ्याकडेच असतं. मालकांनी मुंबईहून एक जुना सर्व्हर आणलाय, त्यात इंटेलचे झिऑन ई५-२६२० व्ही४ प्रोसेसर दोन आहेत असं बिलावर लिहिलंय. तपासायला म्हणून उबुंटू (लिनक्स) टाकलं, प्रोसेसरचा वापर दाखवणारी टॉप कमांड चालू करून १ दाबलं तर सीपीयू ० पासून थेट ३१ पर्यंत रांग लागली. घाबरून मशीन बंद करून झाकण उघडलं, खाऱ्या हवेने दोन स्क्रू गंजलेत ते सोडवायलाच अर्धा तास गेला, आत हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारे धातूचे ठोकळे) दोनच, बोट लावून मोजले.

आता खरी अडचण अशी की बिलिंग सॉफ्टवेअरला विंडोज सर्व्हर २०१९ लागतं आणि लायसन्सचं जे कोटेशन आलंय त्यात ३२ कोअर धरलेत. मालक विचारतायत, "दोन घेतले ना आपण, मग बत्तीस आले कुठून?" मला उत्तर देता येत नाहीये. मशीनमध्ये काही गडबड आहे का? एप्रिलला सीझन सुरू व्हायच्या आत हे लावायचंय, कृपया सांगा.

—

उत्तर:
दादा, मशीन ठणठणीत आहे, काळजी नको. या चिपमध्ये प्रत्येकी ८ कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात; दोन्ही मिळून १६, आणि हायपरथ्रेडिंग चालू असलं की प्रत्येक कोअर ऑपरेटिंग सिस्टमला दोन म्हणून दिसतो, या दोन दिसणाऱ्यांना थ्रेड म्हणतात. झाले ३२. इंटेलने हे २००२ साली झिऑनमध्ये आणलं, तेव्हापासून लोक असेच दचकतात.

तुमच्याच कारखान्यातलं उदाहरण देतो. पल्पर एकच, पण आंबे टाकायला दोन तोंडं केली. एका तोंडाशी क्रेट यायला उशीर झाला तर दुसरीकडून फोडी पडत राहतात, मशीन रिकामं फिरत नाही, पण म्हणून पल्पर दोन झाले का? नाही. तसंच कोअरमध्ये रजिस्टरं (हातातले आकडे ठेवायच्या छोट्या जागा) दोन्ही थ्रेडना वेगळी, पण प्रत्यक्ष गणित करणारा भाग आणि कॅशे (चिपमधली जलद मेमरी) दोघांत एकच. मेमरीतून डेटा यायची वाट बघत एक थांबला की दुसरा काम उरकून घेतो. त्यामुळे वेग थोडा वाढतो, कामाप्रमाणे कमीजास्त, दुप्पट कधीच होत नाही. आणि हे लक्षात ठेवा, सीपीयू ५० टक्के दिसला म्हणजे अर्धी ताकद शिल्लक आहे असं धरू नका, कदाचित सगळे १६ कोअर आधीच कामाला लागलेले असतील.

उबुंटूमध्ये एलएससीपीयू (lscpu) कमांड चालवा, त्यात सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), कोअर पर सॉकेट आणि थ्रेड पर कोअर असं वेगवेगळं येतं. विंडोज टाकल्यावर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्येही सॉकेट, कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर हे तीन आकडे दिसतील.

कोटेशन मात्र परत पाठवा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून लायसन्स खऱ्या कोअरवर असतं, थ्रेडवर नाही. एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं आणि तुमचे नेमके १६ आहेत, त्यावर एकही जास्त नको.

—

धागाकर्ता:
खूप खूप आभार भाऊ! सॉकेट २, कोअर पर सॉकेट ८, थ्रेड पर कोअर २ आलं. मालकांना पल्परचं सांगितलं, त्यांना लगेच कळलं. कोटेशनवाल्यांना स्क्रीनचा फोटो पाठवलाय. एकच शंका, बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) हायपरथ्रेडिंग बंद करू का?

—

उत्तर:
राहू द्या चालू. २०१८ मध्ये इंटेलच्या चिपांतली एलवनटीएफ नावाची सुरक्षेची त्रुटी बाहेर आल्यावर काही जण बंद करायला लागले, पण ते मुख्यतः एकाच मशीनवर परक्या लोकांची व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत चालणारे वेगळे कॉम्प्युटर) चालवणारे. तुमच्याकडे फक्त तुमचंच बिलिंग आहे. बायोस आणि विंडोजचे अपडेट तेवढे वेळेवर टाका, आणि ते गंजलेले स्क्रू पावसाआधी बदलून घ्या.