मदत हवी आहे: शेजारच्या काकांचे पेट्रोलचे पैसे कसे द्यावेत?

डोंबिवली पूर्वेला घरडा सर्कलजवळ राहते. घोट्याचं प्लास्टर निघालं, पण शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहणं अजून जमत नाही. पहिल्याच सोमवारी लंगडत गेटपर्यंत पोचले, तर वरच्या मजल्यावरचे काका स्कूटर काढून उभे! "बस गं मागे." तेव्हापासून महिना झाला, रोज पावणेसातला स्टेशनपर्यंत सोडतात. ते निवृत्त आहेत, त्या वेळेला त्यांचं बाहेर काहीच काम नसतं. आमची ओळख याआधी लिफ्टपुरतीच होती.

पैसे दिले, तर रागावले. पाकिटात घालून काकूंकडे दिले, तर संध्याकाळी थालीपिठांचा डबा आला आणि तळाशी तेच पाकीट. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून आता तोही माझ्याकडेच पडून आहे. काकांना मधुमेह आहे, त्यामुळे मिठाई नको. "उद्यापासून रिक्षाने जाते" म्हटलं, तर काकूंचा चेहरा पडला. अजून निदान दीड महिना तरी हे चालेल. महागडी भेट दिली तर हिशेब चुकता केल्यासारखं वाटेल, आणि ते मला नकोय.

आणखी एक. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि काकांकडे एकच आहे. मी आयएसआय मार्कचं घेतेय. लोकलच्या गर्दीत ते कुठे सांभाळू, म्हणून काकांबरोबरच परत पाठवायचं म्हणते. मग दोन्ही हेल्मेटं नवीन घेतली, तर त्यांना वाईट वाटेल का? आणि त्या डब्यात घालून काय पाठवू?